हुलिओ एस्त्रादा ऐकायचाय? कोल्हापूरकरांनी सुरुवात अशी करा

पहिलं म्हणजे रंकाळ्यावर भेळ खात मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, कायबी कळणार नाही, रात्री घरात हेडफोन घाला. माणूस मेक्सिको सिटीचा, जन्म १९४३, घरचे स्पेनमधून परागंदा झालेले, पॅरिसला मेसियाँ नि झेनाकिस या संगीतकारांकडं शिकला, आणि नुसता संगीतकार नाही तर संगीताचा अभ्यासकपण.

सुरुवात चेलोवरच्या (व्हायोलिनसारखं, पण मोठं नि खर्जातलं वाद्य) 'युनोहुई येई' या त्याच्या रचनेनं करा. त्यात चाल शोधत बसू नका, ठेका पण नाही. अल्लादियाखाँसाहेबांचं गाव आपलं, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कानाला सवयीची, पण इथं मींड स्वरावर येऊन थांबतच नाही, आवाज घसरतच राहतो, शिवाय जोर, खरखर, वेग सगळं सोबत बदलत जातं. म्हणून एका वेळी एकच धरा, आधी फक्त स्वराची उंची, परत लावून फक्त गजाची खरखर. एका बैठकीत संपवायलाच पाहिजे असं काय नाही.

मग ऑपेरा, 'मुर्मुयोस देल पारामो', २००६ ला माद्रिदमध्ये झालेला. तो ज्यावर बेतलाय ती मेक्सिकन लेखक रुल्फोची 'पेद्रो पारामो' कादंबरी आधी वाचाच, बारकी आहे, त्यात मेलेली माणसंच बोलतात, हे माहीत असलं की ऑपेरातली कुजबुज नि श्वास लय भारी वाटतात. भित्र्या लोकांनी लाईट चालू ठेवा.