थायमसचा सेक्शन रंगवताना

थायमस म्हणजे छातीतला, टी पेशी घडवणारा अवयव. त्याचा पातळ काप (सेक्शन) चमकणाऱ्या अँटिबॉडींनी कसा रंगवायचा ते सांगते. उंदीर (माउस) चार ते सहा आठवड्यांचा घ्या, पुढे थायमस आक्रसत जातो. छाती उघडली की हृदयाच्या वरच्या अंगाला दोन पांढरट पाकळ्या दिसतात. शेजारी लसीकाग्रंथी चिकटलेल्या असतात, त्या सोडून द्या.

माझ्या मते अर्धा प्रयोग गोठवण्यातच होतो. ऊतीवरचं पाणी टिपून ती साच्यातल्या ओसीटीत (गोठवताना ऊती धरून ठेवणारा चिकट द्रव) बसवा आणि साचा कोरड्या बर्फात गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात उतरवा. नुसता फ्रीझरमध्ये ठेवलात तर बर्फाचे खडे होऊन सेक्शनची चाळण होते. मी क्रायोस्टॅट (गोठलेल्या ऊतीचे काप काढणारं यंत्र) उणे 20 अंशांवर ठेवून 6 मायक्रॉनचे सेक्शन काढते, अर्धा तास वाळवते आणि थंडगार अ‍ॅसिटोनमध्ये 10 मिनिटं बुडवते.

मग अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून शेळीचं 10 टक्के सीरम अर्धा तास; शेळीचंच, कारण माझ्या दुय्यम अँटिबॉडी (प्राथमिक अँटिबॉडीला चिकटणाऱ्या, चमकणारा रंग लावलेल्या) शेळीच्या आहेत. त्यानंतर प्राथमिक अँटिबॉडी: केराटिन 5 ला चिकटणारी सशाची आणि केराटिन 8 ला चिकटणारी रॅटची (केराटिन हे थायमसच्या एपिथेलियल पेशींमधलं प्रथिन), एकत्र घालून रात्रभर 4 अंशांवर. ओल्या डब्यासाठी ओला टिश्यू घातलेला जुना टिफिन पुरतो. किती पातळ करायची ते आपल्या बाटलीवर करून बघा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

सकाळी पीबीएसने (खारट बफर द्रावण) पाच-पाच मिनिटं तीनदा धुवा. दुय्यम अँटिबॉडी तासभर, अंधारात. रॅटविरोधी अँटिबॉडी उंदराच्या प्रथिनांवर शोषून घेतलेलीच मागवा, नाहीतर ती उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही चिकटते आणि सगळीकडे लाल धुकं दिसतं. शेवटी डॅपी, म्हणजे पेशींची केंद्रकं निळी दाखवणारा रंग. एक स्लाइड प्राथमिक अँटिबॉडीशिवाय ठेवा आणि दोन्हींचे फोटो एकाच एक्स्पोजरवर काढा.

आधी डॅपी बघा. पेशी खच्चून भरलेल्या दिसतात तो कॉर्टेक्स (बाहेरचा भाग), विरळ दिसतो तो मेड्युला (आतला भाग). कॉर्टेक्सभर केराटिन 8 ची जाळी असते, केराटिन 5 मेड्युलात ठळक. सीमेवर दोन्ही असलेल्या काही पेशी लाल-हिरवा मिळून पिवळ्या दिसतात.

एकदा मला डॅपी झकास दिसला, पण केराटिन एकही नाही. दोन दिवस मी अँटिबॉडीलाच शिव्या दिल्या. शेवटी सिनियर ताई डोकावून म्हणाली, "अगं, ही लसीकाग्रंथी आहे!" तेव्हापासून पहिला सेक्शन टोल्युइडीन ब्लू या निळ्या रंगात बुडवून बघते. लसीकाग्रंथीत असतात तसे पेशींचे गोल पुंजके (फॉलिकल) दिसले, तर तो ठोकळा बाजूला.