सरड्याआधी रातकिड्यांचं पोट भरा

पाळीव सरड्याला किंवा गेकोला (पालीच्या जातीचा प्राणी) रातकिडे देत असाल, तर ते उपाशी ठेवून देऊ नका. रिकाम्या पोटाचा किडा पोषणाच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही. खायला घालण्याआधी 24 ते 48 तास त्यांना गाजर, रताळं, कोवळी हिरवी पानं भरपूर द्या. पालक मात्र टाळलेला बरा, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. आणि कॅल्शियम हाच इथला खरा प्रश्न आहे: रातकिड्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम अगदी कमी. हे प्रमाण असंच राहिलं तर सरड्याची हाडं मऊ पडतात. म्हणून पोटभर खाल्लेल्या किड्यांवरही देण्याच्या आधी कॅल्शियमची पूड भुरभुरवा.

पाण्याची उघडी वाटी ठेवू नका, रातकिडे त्यात हमखास बुडतात. ओला स्पंज किंवा गाजराचा तुकडा पुरतो. डब्याला जाळीचं झाकण, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. दमटपणा साचला की किडे पटापट मरतात, आणि वास तर विचारूच नका. उरलेलं अन्न रोज काढा.

रातकिड्यांऐवजी मीलवर्म किंवा सुपरवर्म (दोन्ही भुंग्यांच्या अळ्या) देत असाल, तर मीलवर्म फ्रिजमध्ये टिकतात, सुपरवर्म मरतात.

न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका. झोपलेल्या सरड्याला ते चावतात.