‘व्हॅम्पायर हंटर डी: ब्लडलस्ट’ कसा पाहावा

योशिआकी कावाजिरी यांनी दिग्दर्शित केलेला आणि मॅडहाउस स्टुडिओने २००० साली पूर्ण केलेला हा जपानी ॲनिमेपट बहुतेक जण तलवारबाजीसाठी पाहतात. माझ्या मते तो वयाविषयीचा चित्रपट आहे; कोणाच्या वाट्याला किती आयुष्य आले आणि त्या आयुष्यात त्याची आठवण ठेवणारे कोणी उरले का, हा प्रश्न त्यात सतत वावरतो. तो ऐकू यावा, यासाठी पाहण्याआधी थोडी तयारी करावी.

१९८५ चा पहिला चित्रपट आधी पाहण्याची गरज नाही, कारण दोन्ही कथा स्वतंत्र आहेत. एवढे माहीत असले तरी पुरते: हिदेयुकी किकुची यांची ही कादंबरीमाला १९८३ मध्ये सुरू झाली आणि प्रस्तुत चित्रपट तिच्यातील तिसऱ्या कादंबरीवर आधारलेला आहे. काळ अतिदूर भविष्याचा, कादंबऱ्यांनुसार इ. स. १२०९० चा. एके काळी पृथ्वीवर राज्य करणारे व्हॅम्पायर उमराव आता संपत आले आहेत. नायक डी हा डॅम्पिर आहे, म्हणजे व्हॅम्पायर आणि माणूस यांचे अपत्य, आणि म्हणूनच तो दोन्हीकडे परका आहे. माइअर लिंक या उमरावाने शार्लट नावाच्या तरुणीला नेले आहे, तिला परत आणण्याचे काम डी स्वीकारतो आणि मार्कस बंधूंची व्हॅम्पायर-शिकाऱ्यांची टोळीही त्याच मोहिमेवर निघते. चित्रपटात रक्तपात भरपूर आहे, तेव्हा लहान मुलांना सोबत बसवू नये.

चित्रपट रात्री, खोलीतले दिवे मालवून पाहावा. कादंबऱ्यांचे चित्रकार योशिताका अमानो यांच्या लांबसडक, नाजूक रेषांच्या चित्रांवरून युताका मिनोवा यांनी पात्रे घडवली. त्या रेषांचे सौंदर्य काळ्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत आहे आणि खोलीत उजेड असला की त्या सगळ्या छटा एकसारख्याच दिसू लागतात. मोबाइलच्या पडद्यावर तर किल्ल्यांच्या कमानी आणि मनोरे यांची उंची जाणवतच नाही, आणि गॉथिक वास्तूचा सारा दरारा त्या उंचीत असतो.

भाषा निवडताना संकोच करू नये. ॲनिमे जपानीतच पाहावा हा नियम येथे लागू होत नाही, कारण या चित्रपटाचे इंग्रजी संवाद आधी ध्वनिमुद्रित झाले आणि जपानी नंतर.

सुरुवातीची काही मिनिटे जवळजवळ शब्दांवाचून जातात आणि त्यांत सर्वाधिक लक्ष द्यावे. उमरावाची गाडी गावातून जाते, तसे क्रूस वाकतात, पाणी गोठते, फुले कोमेजतात. तो स्वतः मात्र दिसत नाही. न दिसणाऱ्याची चाहूल केवळ परिणामांतून देण्याची इतकी नेमकी रीत मी ॲनिमेत क्वचितच पाहिली आहे.

पुढे डी घोडा विकत घेण्यासाठी एका गावात थांबतो. कथानकाच्या दृष्टीने हा प्रसंग किरकोळ वाटतो, म्हणून पहिल्या खेपेस तो सहज निसटतो. तेथे एक म्हातारा त्याला ओळखतो, कारण लहानपणी डीनेच त्याला वाचवले होते. मधल्या काळात तो मुलगा म्हातारा झाला आणि डी आहे तसाच राहिला. हा प्रसंग मनात ठेवूनच डी आणि मार्कस टोळीतली शिकारी लेला यांचे बोलणे ऐकावे. जो मागे उरेल त्याने दुसऱ्याच्या थडग्यावर फुले वाहावीत, असा करार तेथे होतो. ज्याला मरण सहजी येत नाही त्याच्याशी मर्त्य बाईने केलेला हा करार चित्रपटाचा कणा आहे, असे मला मनापासून वाटते.

शक्य असल्यास काही दिवसांनी पुन्हा पाहावा आणि या खेपेस डीच्या डाव्या हातावर लक्ष ठेवावे. त्या तळहातात एक चेहरा आहे, तो बडबड्या आणि कुजकट आहे, आणि डी ज्याविषयी गप्प राहतो ते बहुधा तोच बोलून दाखवतो. उन्हाने कोसळून डी मातीत विसावतो, तो भागही तेव्हा निराळा वाटतो.

शेवटाविषयी आधी काहीही वाचू नये. लढाई संपली म्हणून उठूही नये, कारण फुलांच्या कराराचे उत्तर अगदी अखेरच्या प्रसंगात आहे.