कंपन करणाऱ्या पंपाचे फाउंडेशन बोल्ट सतत ढिले होत असतील तर

लक्षण: अलाइनमेंट (पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आणणं) नीट केली तरी काही दिवसांत बिघडते, बोल्ट ढिले होतात, बेसप्लेटच्या (पंपाखालची लोखंडी प्लेट) कडेला तेलाचे बुडबुडे दिसतात. डबल नट, जास्त टॉर्क, शिम (पायाखाली घालायच्या पातळ पट्ट्या), सगळं करून झालं. वैताग आला.

हातोडीने प्लेट ठोकली तर मध्यभागी पोकळ आवाज. खाली ग्राउट (प्लेट आणि काँक्रीटमधली पोकळी भरणारा, नंतर कडक होणारा मसाला) चिकटलंच नव्हतं.

प्लेट उचलून जुनं ग्राउट आणि तेल मुरलेलं काँक्रीट खडी दिसेपर्यंत फोडलं. नवीन ग्राउट इपॉक्सीचं, त्याला काँक्रीट कोरडं लागतं (सिमेंटच्या ग्राउटला आधी पाणी पाजतात, इथे गल्लत नको). प्लेटची खालची बाजू गंज काढून पुसली, जॅक स्क्रूंना (प्लेट उचलून लेव्हल करायचे स्क्रू) ग्रीस आणि फॉर्मला (ग्राउट अडवणारा साचा) मेण लावलं. प्लेटवरच्या मशिन केलेल्या पॅडवर लेव्हल दर मीटर लांबीला ०.२ मिमीच्या आत आणली. ग्राउट एकाच बाजूने ओतलं, समोरून आणि व्हेंट होलमधून (हवा निघायची भोकं) वर येईपर्यंत. दोन्हीकडून ओतलं की हवा अडकते.

ग्राउट पूर्ण कडक झाल्यावर जॅक स्क्रू मागे घेतले. ही पायरी सर्रास राहते, मग भार ग्राउटवर न येता स्क्रूंवरच राहतो. नंतर बोल्टला टॉर्क, डायल गेजने सॉफ्ट फूट (मशिनचा पाय प्लेटवर नीट न टेकणं) ०.०५ मिमीच्या आत, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. आता प्लेट ठोकली की भरीव आवाज येतो.