नसलेल्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत: घरच्या घरी सिंथेसायझरवर अल्बम कसा करावा

सिंथेसायझर ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीला) जोडून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करता येतं, हे गृहीत धरतो. हार्डवेअर सिंथ नसेल तर सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतो आणि या कामाला पुरून उरतो. ‘आधी भारी सिंथ घ्या’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. एक सिंथ, एक डिले (प्रतिध्वनी), एक रिव्हर्ब (खोलीतला घुमारा), बस्स.

आधी चित्रपट ठरवा, पण पटकथा लिहीत बसू नका. आठ-दहा प्रसंग, एकेका ओळीत. त्या ओळीत भावना नको, हालचाल हवी. ‘ती उदास आहे’ हे वाजवता येत नाही. ‘ती घरातल्या खोल्या एकेक करून बंद करत जाते आणि शेवटच्या दारापाशी थबकते’ हे वाजवता येतं, कारण कधी चालायचं आणि कुठे थांबायचं ते त्यात आहे.

पॅच, म्हणजे सिंथवर जुळवलेले आवाज, तीनच बनवा: एक माणसाचा, एक जागेचा, एक संकटाचा. जागेच्या पॅचला दोन-तीन सेकंदांचा अटॅक (स्वर चढायला लागणारा वेळ) आणि लांब रिलीज (बोट उचलल्यावर विरायला लागणारा वेळ) द्या, माणसाच्या पॅचला स्वराची सुरुवात स्पष्ट ऐकू येईल इतका छोटा अटॅक. अख्खा अल्बम या तिघांवरच करायचा. तोच आवाज चौथ्या प्रसंगात परत आला की ऐकणाऱ्याला पात्र ओळखू येतं. दर तुकड्याला नवा पॅच घेतलात तर ओळखायला कुणी उरत नाही. स्वरही आधीच मोजून घ्या. जागेला सा, कोमल रे आणि प पुरतात. शुद्ध ग एकाच प्रसंगासाठी राखून ठेवा.

अ‍ॅनलॉग सिंथ असेल तर 20-30 मिनिटं तापू द्या, मग सुरात लावा. रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर. चित्रपटाच्या ध्वनीचा रूढ दर तोच आहे. आवाजाची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. मेट्रोनोम बंद.

आता खरं अवघड काम. ‘मन मोकळं सोडा आणि वाजवत राहा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तोच अल्बमचा घात करतो. चित्रपटात संगीताला संवाद, पावलं, दारं, वारा यांच्याबरोबर जागा वाटून घ्यावी लागते. इथे वाटेकरी कुणीच नाही. त्यामुळे हात प्रत्येक रिकामी जागा भरायला धावतो आणि दोन मिनिटांत सगळं ठासून भरलेलं असतं. ऐकायला गोड लागतं, पण त्यात काही घडायला जागाच नसते. मी याच टप्प्यावर फार काळ अडकून होतो. त्यातून सोडवलं ते खोट्या संवादांनी.

प्रसंगासाठी चार-पाच वाक्यं लिहा आणि स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ मग दहा-बारा सेकंद काही नाही. ‘तिथेच.’ पुन्हा शांतता, या वेळी आणखी लांब. हा ट्रॅक हेडफोनमध्ये लावा आणि त्याच्याखाली वाजवा. वाक्य सुरू असताना नवा स्वर छेडायचा नाही, असलेला धरून ठेवायचा. बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः 1 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून वाक्य येताच लो-पास फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज फिल्टर कापतो ती मर्यादा) खाली घ्या आणि शांततेत सावकाश उघडा. प्रत्येक विरामाला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. काही तसेच जाऊ द्या. टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) झाला की संवादांचा ट्रॅक काढून टाका. माणसं जातात, पण त्यांच्यासाठी सोडलेली जागा संगीतात राहते, आणि ऐकणारा तिथे आपली माणसं बसवतो.

यात काही गोष्टी कटाक्षाने पाळा. संवाद सपाट वाचा. अभिनय केलात तर हात त्या भावनेची नक्कल करू लागतो. दोन-तीन टेकनंतर वाक्यं पाठ होतात आणि बोट आधीच उचललं जातं, तेव्हा विरामांची लांबी बदलून पुन्हा रेकॉर्ड करा. नुसतं मिडी (कोणता स्वर कधी दाबला याची नोंद) साठवू नका, थेट ऑडिओ घ्या. मिडी हाताशी असलं की एकेक स्वर सरकवण्याचा मोह आवरत नाही, आणि कुठे जायचं ते न कळून थबकलेला हात, म्हणजे या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट, तिथेच पुसला जातो. टेक त्याच दिवशी ऐकू नका. वाजवल्याची आठवण ताजी असते तेव्हा सगळ्याच शांतता उणिवा वाटतात.

काही दिवसांनी ऐका, लांब टेकमधून तीन-चार मिनिटांचा सलग तुकडा घ्या. सुरुवात आणि शेवट कापा, मधलं कापू नका. मधून तुकडा काढला की विरामांचा हिशेब मोडतो आणि कितीही सफाईदार क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात विरवणं) दिला तरी ते जाणवतं.

मिक्समध्ये 30 हर्ट्झखालचं काढून टाका, सगळ्या तुकड्यांना एकच रिव्हर्ब द्या (चित्रपट एक, जागा एक) आणि एकदा मोनोमध्ये ऐका.

मास्टरिंगमध्ये आवाज फुगवू नका. सरासरी उणे 16 ते उणे 18 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) चालेल, ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे 1 डेसिबलच्या वर नको. लिमिटरने (शिखरं दाबणाऱ्या इफेक्टने) दाबलेल्या अल्बममध्ये शांतता आणि स्वर एकाच उंचीवर येतात आणि इतका वेळ सांभाळलेले विराम फुकट जातात.

एकूण लांबी 35-40 मिनिटं, क्रम प्रसंगांचाच. तुकड्यांना वस्तूंची किंवा जागांची नावं द्या. ‘विरह’ लिहिलंत तर काय वाटावं ते तुम्हीच सांगून टाकता. ‘वरची खोली’ लिहा.