चाइल्डमाइंडर व्हायचंय? आधी घरातली माणसं मोजा

इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर म्हणून, म्हणजे पैसे घेऊन आपल्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळायची तर ऑफस्टेडकडे (शाळा आणि बालसंगोपनावर देखरेख करणारी सरकारी संस्था) किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी लागते, ते माहीत असेलच. ऑफस्टेडचा अर्ज उघडण्याआधी एक कागद घ्या आणि घरात राहणाऱ्या, 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाचं नाव लिहा. फक्त तुमचं आणि नवऱ्याचं नाही. शिकायला येऊन वरच्या खोलीत राहणारा भाचा, खोली भाड्याने घेऊन राहणारी मुलगी, सगळे. मुलगा लवकरच सोळाचा होणार असेल तर त्याचंही टिपून ठेवा. या सगळ्यांची (मुलाची सोळा पूर्ण झाल्यावर) एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सखोल तपासणी होते, मग मुलांशी त्यांचा संबंध येवो न येवो.

माझ्या अर्जात भाचा राहून गेला होता. दिवसभर तो कॉलेजात, त्यामुळे डोक्यातच आलं नाही. सगळं तिथे अडकलं, आणि माझ्या भरवशावर कामावर परत जायची तारीख देऊन बसलेल्या एका आईला ऐन वेळी दुसरीकडे धावाधाव करावी लागली.

डीबीएस ऑफस्टेडने सांगितलेल्या मार्गानेच काढा. दुसऱ्या नोकरीसाठी काढलेलं बहुतेक वेळा चालत नाही. सर्टिफिकेट निघालं की 30 दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला (सर्टिफिकेट ऑनलाइन ताजं ठेवणारी सेवा) नाव घाला, ही मुदत चुकवू नका. गेल्या 5 वर्षांत कुणी भारतात राहिलं असेल तर तिकडचं पोलीस क्लिअरन्सही लागतं. त्याला वेळ जातो, म्हणून ते सर्वांत आधी सुरू करा. सासूबाई सहा महिने राहायला येणार आहेत? तिकीट काढण्याआधी ऑफस्टेडला विचारा. ‘त्या काय, घरच्याच’ हे उत्तर तिथे चालत नाही.

प्रथमोपचाराचा कोर्स लहान मुलांसाठीचा, पूर्ण 12 तासांचा हवा. दर 3 वर्षांनी पुन्हा. सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षणही आलंच. एकटीने चाचपडू नका. कोरम पेसी ही चाइल्डमाइंडरांची धर्मादाय संस्था, 1977 साली नॅशनल चाइल्डमाइंडिंग असोसिएशन म्हणून सुरू झालेली. प्रशिक्षण, विमा, कराराचे नमुने, सल्ला, सगळं तिथे मिळतं. आपल्यापैकी कितीतरी जणी संकोचाने विचारतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

घर. जिन्याला गेट, स्मोक अलार्म, औषधं आणि साफसफाईचं सामान कुलपात, पडद्यांच्या दोऱ्या वर बांधलेल्या. आपल्या घरांत आणखी एक: देव्हारा खाली असेल तर समई, उदबत्ती आणि काडेपेटी मुलांच्या हाताला येते. वर हलवा.

जेवणाचं मात्र नीट वाचा. दाण्याचं कूट आपण कोशिंबिरीत, उसळीत, खिचडीत सवयीने घालतो, आणि शेंगदाणा ब्रिटनच्या 14 ॲलर्जन्सच्या (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या) यादीत आहे. मूल यायला लागण्याआधी पालकांकडून ॲलर्जी लिहून घ्या. ज्या मुलाला शेंगदाणा चालत नाही त्याच्यासाठी पळीही वेगळी ठेवा. अख्खे दाणे पाच वर्षांखालच्या कुणालाच नकोत. द्राक्षं उभी चिरून.

संख्या: आठ वर्षांखालची जास्तीत जास्त 6, त्यांतली लहान, म्हणजे साधारण पाच वर्षांपर्यंतची 3, आणि साधारणपणे वर्षाखालचं एकच. तुमची स्वतःची मुलंही यात धरतात.

राहिलेलं भराभर. पब्लिक लायबिलिटी विमा (तुमच्या कामामुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर त्यासाठीचा). मुलांना गाडीतून नेणार असाल तर गाडीच्या विम्यात तसं लिहून घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी. फोटो, माहिती फोनवर ठेवणार तर आयसीओकडे (खासगी माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणारं कार्यालय) नोंद. पालकांशी करार: फी, सुट्ट्या, नोटीस.

आणि नोंदणी झाली म्हणून माणसांचा कागद फेकू नका. नंतर घरात 16 वर्षं पूर्ण झालेलं कुणीही राहायला आलं, तर 14 दिवसांच्या आत ऑफस्टेडला कळवावं लागतं.