नखुरडं झालं तर

कापूस वेचताना वाळल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला घुसतं, आणि दोन-तीन दिवसांत बोट लाल होऊन ठणकतं. यवतमाळकडच्या आमच्या गावात आशा म्हणून फिरताना वेचणीच्या दिवसांत मला हे घरोघर दिसतं.

पू नसेल तर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बोट 10 ते 15 मिनिटं बुडवा, दिवसातून तीन-चारदा. मग स्वच्छ फडक्यानं पूर्ण कोरडं करा; बाया नेमकं हेच सोडतात. चुना, शेण, बिब्बा लावू नका. बिब्ब्यानं कातडी भाजते.

पू दिसला तर बाभळीच्या काट्यानं फोडू नका. आरोग्य केंद्रात डॉक्टर निर्जंतुक हत्यारानं तो काढतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगा. शुगर असेल, ताप आला, हातावर लाल रेघ चढली किंवा बोट वाकेना, तर त्याच दिवशी निघा. मजुरी बुडाली तर बुडू द्या, माय.

धुणीभांडी, रोवणी करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. कडेची कातडी सुजून नखापासून सुटते आणि महिना-दीड महिना झाला तरी बरी होत नाही. कारण ओलावा, त्यात बुरशीही वाढते. रबरी हातमोजे घाला, आत सुती. मेडिकलमधून मनानं मलम आणू नका. स्टेरॉइड असलेल्या मलमानं बुरशी पसरू शकते. नख जाड, पिवळं झालं असेल तर धीर धरा: हाताचं नवं नख यायला सुमारे 6 महिने लागतात, पायाचं वर्ष-दीड वर्ष.

वेचणीला जाताना बोटांना जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळा. घामानं भिजली की बदला.